ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी ढील

मी आयुष्यात केलेला सगळ्यात मोठा मूर्खपणा नट फिरवायचे दोन पाने घेऊन पाच मिनिटांत केला, आणि तो करताना मी गाणं गुणगुणत होते. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, म्हणजे स्वतःला शहाणी समजायला अगदी योग्य वयाची. सैल दिसेल ते घट्ट करायचं, असा मला एक रोगच होता. कपडे वाळत घालायची दोरी मी रोज ताणायची. लोणच्याच्या बरणीचं झाकण असं लावायची की लोणचं खायला पाहुण्यांतला दणकट माणूस शोधावा लागे. मुलींच्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की त्यांच्या भुवया दिवसभर आश्चर्यचकित दिसत. हाच रोग मी एका रविवारी माझ्या नणंदेच्या गाडीला लावला. आणि माझी नणंद म्हणजे कोण, तर स्वतःच्या हातावर एवढा भरवसा असलेलं माणूस अख्ख्या नागपूर जिल्ह्यात दुसरं झालं नसेल.

त्यांना सगळेच बाई म्हणत. मी नणंद म्हणून म्हणे, शाळेतली पोरं मास्तरीण म्हणून म्हणत, आणि बेशाच्या आमच्या गल्लीतले लोक भीती म्हणून. बाई सावनेरच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. लहानपणी पोलिओनं उजवा पाय गेला होता, त्याला लोखंडी पट्ट्यांचा जड बूट होता. लग्न त्यांनी केलं नाही. विचारलं तर म्हणत, "तीन जागा आल्या होत्या. तिघांच्याबी बेरजा चुकत होत्या." आमचं बेसा तेव्हा नागपूरबाहेरचं खेडं होतं, तूर आणि कापसाच्या मधोमध आमची एकच गल्ली. तिथून सावनेर म्हणजे नागपूरच्या एका टोकाबाहेरून निघून दुसऱ्या टोकाबाहेर जाणं. बाईंनी त्यावर त्यांच्या पद्धतीनं उत्तर काढलं. एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी त्यांनी घेतली, टिनाच्या शेडात बसणाऱ्या एका मिस्त्रीपुढे नेऊन उभी केली आणि सांगितलं, "उजव्या पायाचं सगळं काम माह्या हाताले द्या." मिस्त्री म्हणाला, थोडा खर्च येईल, थोडे दिवस लागतील. बाईंनी विचारलं, "थोडे म्हंजे किती?" त्यांच्या पर्समध्ये शाळेची स्टीलची पट्टी कायम असे. पुढचे दीड महिने त्या रोज संध्याकाळी शेडात स्टुलावर बसून मिस्त्रीचं काम पट्टीनं मोजत होत्या, आणि शेवटी गाडी हातात देताना तो बिचारा म्हणाला होता, "बाई, दहावीत मी गणितातच नापास झालो होतो. आज पास झालो का तेवढं सांगा."

गाडी पाहायला लोक यायचे. ब्रेकचा एक लोखंडी दांडा उजवीकडे, आणि स्टिअरिंगच्या खाली बोटभर लांबीची एक दांडी. ती ओढली की तिला जोडलेली लांब वायर इंजिनापर्यंत ओढली जाई आणि गाडी पळे. म्हणजे तुमचा-आमचा पाय जे करतो ते बाईंची दोन बोटं करत. डावा पाय क्लचवर, आणि गाडीत बाई बसल्या की गाडी भरल्यासारखी वाटे.

सावनेरच्या रस्त्यावर कोणीही हात दाखवला की बाई थांबत, पण फुकट नेत नसत. पाढा म्हणावा लागे. बाया-बापड्यांना पाचाचा, कॉलेजातल्यांना सतराचा, आणि पांढरे कपडे घातलेल्यांना एकोणतीसचा. एकदा एक सरपंच बसले होते. त्यांना बाईंनी सवलतीत तेराचा दिला. तेरा साते एक्क्याण्णवपर्यंत सरपंच हसतमुख होते. तेरा आठेला घाम फुटला, आणि पाटणसावंगीच्या अलीकडे ते म्हणाले, "बाई, इथंच उतरू देता का? मले जरा पायी चालाचं होतं." बाईंनी त्यांना उतरू दिलं, वर सांगितलं, "एकशे चार. चालता चालता पुढचं पाठ करा." हळहळ करणाऱ्यांचं तर त्या भस्म करत. एका लग्नात वऱ्हाडातली कुणी जाडजूड पाहुणी त्यांच्या पायाकडे पाहून च् च् करत म्हणाली, "एवढ्या शिकल्या-सवरल्या, पण पाय हा असा!" बाई पुरणपोळीचा घास न थांबवता म्हणाल्या, "त्याले आमंत्रण नव्हतं वं. म्या एकटीनंच यायचं होतं, पण तो मांगं मांगं आला."

त्यांचं एक तत्त्व होतं. केलेलं काम त्या पुन्हा पाहत नसत. कुलूप लावलं की मागं वळून ओढायचं नाही. पेपराची बेरीज केली की केली. "दुसऱ्यांदा पाहाचं असंल तर पयल्यांदा काहून केलं?" असं त्या विचारत, आणि मी, जिला घराबाहेर पडल्यावर तीनदा गॅसची आठवण येई, पदर खोचून कामाला लागे. चिडत असे, हेही सांगून टाकते. इतका आत्मविश्वास पाहिला की माझ्यासारख्या बाईला तो सैल दोरीसारखा बोचतो.

दर रविवारी सकाळी दहाला बाईंचं बॉनेट उघडे. बॉनेटपुढे स्टूल, स्टुलावर बाई, मांडीवर जुना टॉवेल, आणि हातात दोन पाने. वायर लांब होती, वापरानं ती हळूहळू आणखी ढिली व्हायची. मग दांडी ओढली तरी गाडी अर्धा क्षण विचार करत बसे. तेव्हा बाई एका पान्यानं वायरीवरचा नट धरत, दुसऱ्यानं फिरवत, आणि वायर थोडी आवळत. पण पूर्ण नाही. शेवटी उजव्या हाताचं पहिलं बोट वायरीवर ठेवून हलकेच दाबत, डोळे मिटत, आणि म्हणत, "हां." जगातली प्रत्येक गोष्ट पट्टीनं मोजणारी बाई ही ढील मात्र बोटानं मोजत असे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "ज्वारीचे दोन दाणे मावतीन एवढी ढील ठेवाची. इंजिन काय देवळातली मूर्ती आहे का? झटका बसला का हलते ते. ते हललं का वायर ओढते. ढील नसली तर मी न सांगता गाडी पळंल." हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी हातात परडी घेऊन उभी होते आणि मान हलवून "हो का" म्हणाले होते. ऐकलं होतं, माझ्या डोक्यात मात्र त्या वेळी बहुधा वांगी होती.

त्या रविवारी बाईंचं काम आटपलं होतं. "हां" मी स्वतः ऐकलं. तेवढ्यात पाहुणे आले. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीला नोकरी लागली होती, तर ती आईला घेऊन पेढे द्यायला आली होती. बाई हात पुसत घरात गेल्या. बॉनेट उघडंच होतं, पाने स्टुलावर. मी कपडे वाळत घालायला अंगणात आले आणि मला ती वायर दिसली. मधोमध जराशी लोंबत होती. मला वाटलं, पाहुण्यांच्या गडबडीत बाईंचं काम राहून गेलं. शिवाय मनात आलं की बाईंना कळू द्यावं, या घरात आणखीही कुणाला दोन पाने धरता येतात. सहा वर्षं मी पाहत नव्हते का? मी पाने उचलले, नट फिरवला, आणि वायर तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ होईपर्यंत फिरवत राहिले. मग बोटानं टिचकी मारून पाहिली. छान आवाज आला. पाने जागेवर ठेवले आणि आत जाऊन दोन पेढे खाल्ले. पाहुणे गेल्यावर बाई बाहेर आल्या, बॉनेट दाणकन लावलं आणि पाने पिशवीत टाकले. आत वाकून पाहिलं नाही. त्यांचं काम झालेलं होतं ना.

मी सांगणार होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी कशी झकास पळाली असं बाई म्हणाल्या की ऐटीत सांगणार होते.

सोमवारी सकाळी थंडी होती. गाडी सुरू झाली ती नेहमीपेक्षा मोठ्यानं घुरघुरत, पण थंडीत चोक ओढला की ती तशी घुरघुरतेच, म्हणून बाईंना काही वाटलं नाही. मी फाटकाशी उभी होते. गल्लीच्या टोकाला गतिरोधक, आणि लगेच उजवीकडे वळण. गतिरोधकावर गाडीला झटका बसला, आणि मग ती एकदम अंगावर पाणी फेकल्यासारखी उसळून पुढे गेली. वळणाला वळलीच नाही. समोरच्या नव्या बांधकामाच्या भिंतीवर जाऊन आदळली. विटा पडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर फक्त इंजिनाचा, मोठा, कुणी थांबवत नाही असा.

बाईंचं डावं मनगट मोडलं आणि कपाळाला चार टाके पडले. दुसऱ्या कुणाला काही झालं नाही, एवढं नशीब. पण माणूस वाचलं की लोकांना बोलायला मोकळीक मिळते. आजूबाजूच्या प्लॉटवर घरं बांधणारे, दूधवाला, आमचे नातेवाईक, सगळ्यांचं एकच म्हणणं. पाय असा, आणि हौस गाडीची. कधी ना कधी व्हायचंच होतं.

मिस्त्री त्याच दुपारी आला. गाडी दोरीनं ओढून आमच्या अंगणात आणली होती. बाई हात गळ्यात बांधून खुर्चीवर बसल्या होत्या, आमचे हे, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, बाजूला उभे. मी दारात, पोळपाट-लाटणं सोडून आलेली. मिस्त्रीनं वाकडं झालेलं बॉनेट उचकटलं, आत हात घातला, आणि वायर बोटानं दाबून पाहिली. मग म्हणाला, "बाई, वायरले ढीलच नाही. पूर्ण कसली आहे. काल कोणी हात लावला?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू लावला काय वं?"

"मी कशाला लावू?" मी म्हणाले. अगदी पटकन. पोळी करपायला लागली म्हणून आतही गेले. करपली नव्हती. तव्यावर पोळीच नव्हती.

आतून मला बाईंचा आवाज ऐकू आला. "माह्या गाडीले माह्याशिवाय कोण हात लावते? मीच कसली असंल." थोड्या वेळानं पुन्हा, हळू, "पाहुणे आले होते. त्या गडबडीत मीच कसली असंल."

त्याच संध्याकाळी त्यांनी किल्ली भावाला दिली. ह्यांनी मागितली नव्हती. खरं सांगते, हे तर म्हणाले होते की मनगट बरं होऊ दे, मग पाहू. बाई म्हणाल्या, "ठेव गा. पायावर तर मले कधी भरवसा नव्हताच. आता हातबी चुकाले लागले."

मनगट दोन महिन्यांत बरं झालं. बाकीचं नाही. बाई कुलूप ओढून पाहायला लागल्या. आधी एकदा, मग तीनदा, मग फाटकापर्यंत जाऊन परत येऊन. पेपर तपासताना बेरीज चार-चार वेळा करायच्या, आणि शाईनं लिहिणारी बाई पेन्सिलीनं लिहायला लागली, खोडता यावं म्हणून. शाळेचे मुख्याध्यापक एकदा घरी आले तेव्हा हसत म्हणाले होते, "तुमच्या बाई आता मलाच विचारतात, सर, हे बरोबर आहे ना?" ते हसले, मग मी हसले नाही म्हणून त्यांनी चहा उचलला. बाई स्वयंपाकघरात येऊन मला विचारत, "वरणात मीठ मीच टाकलं होतं ना वं?" "हो बाई." "एकदाच ना?" एकदाच. मग चमचा घेऊन चाखून पाहत, आणि चाखून झाल्यावरही चेहऱ्यावर खात्री दिसत नसे. आमच्या घरातली मुलं हा नवा स्वभाव पाहून खुसखुसत. बाई म्हाताऱ्या झाल्या, असं म्हणत. एकावन्न वर्षांच्या होत्या.

सावनेरला त्या एसटीनं जाऊ लागल्या. बेशापासून ऑटोनं बसस्टँड, तिथून बस. बसची पायरी उंच, आणि बूट जड. दोन्ही हातांनी दांडा धरून आधी डावा पाय, मग उजवा बूट हातानं उचलून आत, आणि तोपर्यंत मागून लोक, "चला बाई, चला." हे मी स्वतः पाहिलं, कारण एक दिवस मी पाठोपाठ बसस्टँडवर गेले होते, त्यांना खरं सांगायला. खांबाआड उभी राहून पाहिलं आणि घरी परत आले.

कबुलीच्या ऐवजी मी डबा भरायला लागले. सोमवारी कोथिंबिरीची सांबारवडी, बुधवारी वडाभात, शनिवारी पुरण. बाई विचारत, "काहून वं, आज कोणता सण आहे?" मी म्हणे, असंच. डबा इतका जड झाला की तो उचलून बस चढणं त्यांना आणखी कठीण जात असणार, हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. मधूनमधून मी धीर गोळा करी. देवापुढे दिवा लावून बाईंजवळ जाऊन बसे आणि म्हणे, "बाई, एक सांगायचं होतं." त्या वर्तमानपत्र खाली ठेवत, चष्मा वर करत. "सांग." आणि मी म्हणे, "दूध नासलं." त्या एका वर्षात मी आमच्या घरी सात-आठदा दूध नासवलं, तेही फक्त तोंडानं. जसजसे दिवस गेले तसतसं ते खरं मोठं होत गेलं. आठ दिवसांत सांगितलं असतं तर ती नुसती चूक ठरली असती. वर्षानं सांगणं म्हणजे वर्षभराचं खोटंही सांगायला हवं. दहा वर्षांनी तर कशाला उकरायचं, असं म्हणायची मला सोयच झाली. माणसाला स्वतःला माफ करायला काळाची मदत लागते म्हणतात. मला नुसती आळसाची मदत पुरली.

बाई निवृत्त झाल्या. बेशाची शेतं गेली, चारी बाजूंना फ्लॅट आले. पांढरी गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभीच राहिली. हातानं चालवायची गाडी कोण घेणार? चाकांतली हवा गेली, मागच्या सीटवर मांजरी व्यायली. सावनेरकडची कुणी मंडळी वर्षा-दोन वर्षांनी भेटत आणि बाईंना विचारत, पाढे म्हणायला लावायची गाडी आता काहून येत नाही. बाई म्हणत, "आता मलेच एकोणतीसचा पाढा पुन्हा पाहून घ्या लागते."

मागच्या हिवाळ्यात शेवटी ह्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. बाई सत्याहत्तर वर्षांच्या, अंगणात उन्हात खुर्चीवर. मी पायरीवर बसून लसूण सोलत होते. भंगारवाल्यानं ताडपत्री काढली, ह्यांना गाडीची कागदपत्रं आणायला आत पाठवलं आणि बॉनेट उचकटलं. बाई काठी टेकत उठल्या. गाडीपाशी गेल्या, आत वाकल्या, आणि गंजलेल्या त्या वायरीवर बोट ठेवलं. मग त्या अनोळखी माणसाला, जणू तो पहिल्या बाकावरचा विद्यार्थी असावा तशा, समजावून सांगू लागल्या. "हे पाहा, इथं दोन दाणे ढील ठेवा लागते. मी एका रविवारी चुकली. पूर्ण कसून टाकली. चांगली सहा वर्षं बरोबर करत होती, अन् एक दिवस चुकली." भंगारवाला म्हणाला, "होते माताजी, होते. माणूस आहे." बाई म्हणाल्या, "हो. पण कशी चुकली ते मले अजूनबी समजलं नाही."

माझ्या हातातला लसूण खाली पडला. मी म्हणाले, "बाई, तुम्ही नाही. मी कसली होती."

त्या वळल्या. मला वाटलं ओरडतील. पण त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं. "कव्हा?"

"पाहुणे आले होते ना, पेढे घेऊन. तुम्ही आत गेल्या तेव्हा."

"किती फेरे देले?"

"पाच. सहा असतील. ताठ होईपर्यंत."

"म्हंजे तुह्या आधी ढील बरोबर होती?"

"लोंबत होती जराशी. म्हणूनच तर मी..."

"लोंबत होती," बाई म्हणाल्या. त्यांनी आपलं उजव्या हाताचं पहिलं बोट उन्हात धरून पाहिलं. ते आता सांध्यात वाकडं झालं आहे, सुरकुतलं आहे, त्यावर गंजाचा लाल डाग पडला होता. भंगारवाला अवघडून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. त्यानं विचारलं, गाडी न्यायची का राहू द्यायची. बाई म्हणाल्या, ने. ह्यांनी कागद दिले, चार माणसांनी गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली आणि मोठ्या गाडीवर चढवली. अंगणात तिच्या आकाराची एक कोरडी, पांढुरकी जागा उरली.

मी पायरीवरून उठले नव्हते. रडत होते, पण तेही धड नाही, लसणाच्या हातानं डोळे पुसून पुसून ते आणखीच झोंबत होते. बाई खुर्चीत येऊन बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या,

"तव्हाच सांगितलं असतं, तर चार दिवस तुह्यावर चिडली असती वं मी, अन् पाचव्या दिवशी गाडी काढली असती. एवढे वर्षं मी माह्या हातावर चिडून राहिली, अन् तो बिचारा काही बोललाबी नाही."